वाचकांचे प्रश्न : पावसाची भीती आणि पोहोचल्याचे निरोप

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी साठ वर्षांची गृहिणी असून कालिन्यात राहते. २६ जुलै २००५ रोजी माझा मुलगा बारा वर्षांचा होता आणि त्याची शाळा दुपारची होती. त्या दिवशी त्याला थोडी कणकण होती, ‘आज नको ना जाऊ’ असे तो दोनदा म्हणाला, पण चाचणी जवळ आली होती म्हणून मी त्याला पाठवले. संध्याकाळी शाळेची बस पाण्यात अडकली. आमच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेइतके पाणी चढले, वीज गेली, फोन बंद पडले, यजमान फोर्टमध्ये अडकले आणि मी रात्रभर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत उभी होते. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी सुखरूप घरी आला; रस्त्यालगतच्या एका इमारतीतील लोकांनी बसमधील सगळ्या मुलांना आपापल्या घरी ठेवून घेतले होते. त्या रात्रीबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

तेव्हापासून आभाळ भरून आले की माझे हातपाय गळतात. पाऊस असला की सुनेने सांताक्रूझला गाडीत बसल्यावर, दादर आल्यावर आणि चर्चगेटला उतरल्यावर निरोप पाठवायचा, असा मी नियम घातला आहे. मुलगा मोटारसायकलने अंधेरीला जातो, त्याला मी दिवसातून पाच-सहा फोन करते. दारामागे खिळ्याला एक पिशवी टांगलेली असते. तिच्यात टॉर्च, बिस्किटे आणि घराची कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली आहेत आणि पावसाळाभर मी ती रोज रात्री उघडून पाहते. मागच्या आठवड्यात विजा चमकू लागल्या तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या नातीने खेळ टाकला, खिडकी लावून घेतली आणि विचारले, “आजी, बाबा बुडला का?”

सून म्हणते, “आई, तुम्ही कोणाला तरी दाखवा.” यजमान म्हणतात, झाले गेले विसरून जा. मला विसरता येत नाही आणि खरे सांगायचे तर निर्धास्त बसणे मला बरोबरही वाटत नाही. आईने काळजी करायची नाही, तर कोणी करायची? — एक वाचक, कालिना

उत्तर : ताई, यजमानांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो पाळता येण्यासारखा नाही, हे आधी सांगते. ठरवून विसरणे माणसाला जमत नाही. डॅनिएल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार मुळीच करू नका असे सांगितले, तेव्हा तो विचार त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा आलाच, आणि पुढे बंदी उठल्यावर तर, ज्यांच्यावर ती कधी घातलीच नव्हती त्यांच्यापेक्षाही तो अधिक वेळा आला. त्यामुळे ती रात्र आठवते म्हणून तुम्ही दुबळ्या आहात, असे कृपा करून समजू नका. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने जेवढा पडतो त्याच्या सुमारे ४० टक्के एका दिवसात. शेकडो माणसे गेली. त्या गॅलरीत उभे राहून तुम्हाला जी भीती वाटली ती अगदी रास्त होती, आणि मेंदूने भरून आलेले आभाळ, पाण्याचा आवाज, काळोख आणि मुलाचा न लागणारा ठावठिकाणा यांची एकच गाठ मारून ठेवली, यात त्याचेही काही चुकले नाही. जिवावर बेतले की तो असेच शिकतो, आणि फार लवकर शिकतो.

खरा प्रश्न असा आहे की त्यानंतर इतके पावसाळे आले, मुलगा दरवेळी घरी आला, तरीही ही गाठ सैल का झाली नाही. त्याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ढग दाटले की छातीत धडधड सुरू होते, तुम्ही फोन उचलता, मुलगा “अगं आई, मी ऑफिसात आहे” असे म्हणतो आणि धडधड थांबते. हा जो सुटकेचा श्वास आहे, तोच भीतीला पोसतो. मुलगा सुखरूप होता तो रस्ता चालू होता म्हणून, तो स्वतः जपून गाडी चालवतो म्हणून. परंतु मन त्याचे श्रेय फोनला देते आणि पुढच्या सरीला आणखी लवकर फोन मागते. सुनेच्या निरोपांचेही तसेच. प्रथम चर्चगेटला पोहोचल्याचा एकच निरोप पुरत असेल, मग दादर आले, मग सांताक्रूझ आले. भीतीपोटी केलेली तजवीज कधीही आहे तेवढ्यावर थांबत नाही, आणि ती चालू आहे तोवर, फोन न करताही मुलगा संध्याकाळी घरी येतो हे अनुभवण्याची संधी मनाला मिळतच नाही. एवढे सगळे पावसाळे तुमच्या खात्यावर जमा व्हायला हवे होते, ते फोनच्या खात्यावर जमा झाले.

आता पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी सर्वांत अधिक थांबले, त्याकडे येते. मुलाला कणकण होती, तो नको म्हणत होता आणि तुम्ही पाठवले, हे तुम्ही ओझरते लिहून पुढे गेलात. माझ्या मते तुमच्या भीतीचे मूळ पावसात जेवढे आहे, त्याहून अधिक या वाक्यात आहे. ‘मी पाठवले’ हा सल आत आहे, आणि पावसाळ्यातला प्रत्येक दिवस जीव मुठीत धरून काढणे ही त्याची भरपाई झाली आहे. म्हणूनच निर्धास्त बसणे तुम्हाला चुकीचे वाटते. भीती सोडली तर आपण त्या दुपारइतक्याच बेसावध ठरू, असे आतून वाटत राहते. पण ती दुपार आठवून पाहा. त्या दिवशी पावसाचा मुख्य जोर दुपारी दोननंतर सुरू झाला. डबा भरून मुलाला बसमध्ये बसवताना पुढच्या काही तासांत काय होणार आहे हे तुम्हालाच काय, शहरात कोणालाही ठाऊक नव्हते. येणारा पाऊस टिपणारे डॉप्लर रडारही मुंबईत तेव्हा नव्हते. चाचणी जवळ आलेल्या, जराशी कणकण असलेल्या मुलाला शाळेत पाठवणारी आई त्या दिवशी मुंबईतल्या हजारो आयांसारखीच वागत होती. रात्री जे कळले त्याच्या आधारे सकाळच्या निर्णयाला दोषी ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो तुम्ही स्वतःवर फार वर्षे करत आला आहात. तुमच्यावर कोणताही दंड बाकी नाही, ताई.

मुंबईत राहून पावसाला भिऊच नका, असा सल्ला मात्र मी देणार नाही. मिठी नदीच्या काठी, सखल भागात राहणाऱ्याने सावध असलेच पाहिजे. फरक एवढाच की सावधगिरीचा नियम कोरड्या दिवशी, शांत डोक्याने आणि सर्वांनी मिळून ठरवायचा असतो. एखाद्या रविवारी मुलगा, सून आणि यजमान यांच्यासह बसा आणि कागदावर लिहून काढा. हवामान खात्याने लाल इशारा दिला, म्हणजे साधारणपणे २४ तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याची शक्यता असली, तर शक्य असेल त्याने घरून काम करावे. नारिंगी इशारा असेल आणि त्याच वेळी मोठी भरती असेल, तर लवकर निघावे. गाड्या बंद पडल्या तर चालत निघू नये, ऑफिसातच थांबावे आणि तसे एकदा कळवावे. घरात पाणी शिरू लागले तर वरच्या मजल्यावर जावे आणि महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन करावा. असा कागद झाला की इतर सगळ्या दिवशी, म्हणजे पावसाळ्यातल्या बहुतेक दिवशी, निर्णय कागदाने घ्यायचा, धडधडीने नाही. पिशवीही ठेवा. कालिन्यातल्या तळमजल्यावर ती शहाणपणाचीच आहे. ती १ जूनला एकदा नीट भरायची, बिस्किटे बदलायची, टॉर्चचे सेल पाहायचे आणि कपाटात ठेवून द्यायची. रोज रात्री उघडायची नाही.

यापुढचे काम पायरीपायरीने करायचे असते. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेले उपचार मानसशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला गेला, मग दिवसांमागून दिवस थोडा थोडा जवळ आणला गेला, आणि अखेर पीटर त्याला कुरवाळू लागला. ससा एकदम त्याच्या मांडीवर कोणी टाकला नाही. त्याच रीतीने तुम्ही पहिले काही दिवस फक्त दादरचा निरोप बंद करा. तो न आल्याने जीव घाबरा होईल, आणि तो होऊ द्यायचा आहे; भीती वाढते, काही वेळ टिकते आणि काहीही न करता उतरते, हे अंगाला कळायला हवे. ते जमू लागले की सांताक्रूझचा निरोप थांबवा. मुलाला फोन करावासा वाटला की घड्याळ पाहा, अर्धा तास जाऊ द्या आणि तेवढ्यात हातात असलेले काम चालू ठेवा. येथे एक पळवाट असते, तीही सांगून ठेवते : फोन करायचा नाही म्हणून टीव्हीवरच्या बातम्या लावणे, मोबाइलवर आलेले पाणी तुंबल्याचे व्हिडिओ पाहणे किंवा शेजारणीला “गाड्या चालू आहेत ना?” असे विचारणे. हे सगळे फोनचेच दुसरे रूप आहे. शेवटी कागदावर ठरलेला एकच निरोप उरावा.

भीती पूर्ण पुसली जाईल, असे वचन मी देत नाही. जुने शिकलेले तसेच राहते आणि त्याच्यावर नवे शिकणे बसते. त्यामुळे पुढच्या जुलैत पहिल्या मोठ्या गडगडाटाला छाती पुन्हा धडधडली, तर सगळे मुसळ केरात गेले असे समजू नका. पायऱ्या पुन्हा करायच्या, आणि दुसऱ्या खेपेला त्या लवकर होतात.

नातीबद्दल तुम्हाला वाटणारी चिंता योग्य आहे. भीती पाहून पाहूनही शिकता येते. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेल्या आणि सापाला न भिणाऱ्या ऱ्हीसस माकडांना, सापाला भिणारी माकडे दाखवली. थोड्याच वेळात तीही भिऊ लागली. परंतु ज्यांनी आधी न घाबरणारी माकडे सापाजवळ वावरताना पाहिली होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती भीती पुढे लागलीच नाही. पाच वर्षांच्या मुलीचा पाऊस अजून ठरायचा आहे, आणि तो तिच्या आजीच्या चेहऱ्यावरून ठरणार आहे. तेव्हा साध्या पावसात तिला घेऊन खिडकीशी बसा, तिचा हात बाहेर काढून पागोळ्यांखाली धरा. “बाबा बुडला का?” असे तिने पुन्हा विचारले, तर तिला गप्प करू नका आणि ‘असे बोलू नये’ असेही म्हणू नका, “नाही गं, बाबा ऑफिसात आहे, पावसात गाड्या हळू चालतात म्हणून उशीर होतो,” एवढेच सरळ सांगा. तुमचा आवाज थोडा कापला तरी चालेल. आजी घाबरली तरी बसून राहते, हेही मुलांनी पाहण्यासारखे असते.

आणखी एक गोष्ट राहिली. त्या रात्री मुलगाही कुठेतरी होता. त्या इमारतीत कोणाच्या घरी झोपला, काय खाल्ले, त्याला रडू आले का, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे का? ते विचारण्याआधी हवे तर स्वतःसाठी लिहून पाहा. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या मनावरच्या आघाताबद्दल लिहिले, तेव्हा लगेच त्यांना उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आजारपणासाठी दवाखान्यात जाणे कमी झाले. लिहिण्याने चमत्कार होत नाही. मात्र मनात वर्षानुवर्षे फिरणारी चित्रे ओळींत मांडली की त्यांना सुरुवात आणि शेवट येतो. मग एखाद्या संध्याकाळी मुलाला त्या कणकणीबद्दल सांगा. कदाचित त्याला ती आठवतही नसेल. आणि हे सगळे एकटीने पेलवत नसेल, रात्री झोप लागत नसेल, तर सुनेचे ऐकून समुपदेशकाकडे जा. तिला तुमची काळजी आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून लालबागला राहतो. तीन वर्षांपूर्वी माझी नोकरी अचानक गेली आणि पाच महिने घरी बसावे लागले. आता चांगली नोकरी आहे, तरी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले की पोटात गोळा येतो. रजा घेत नाही, रात्री अकरा वाजतासुद्धा ई-मेलला उत्तरे देतो. पत्नी म्हणते, तू घरी असून नसल्यासारखा असतोस. हे ओझे कसे उतरवू?

उत्तर : तुमच्या भीतीत एक भाग हिशेबाचा आहे आणि एक भाग हिशेबापलीकडचा, आधी त्यांना वेगळे करा. पत्नीसह बसून घरभाडे किंवा हप्ता, शाळेची फी असेल तर ती, किराणा आणि औषधे असा महिन्याचा खरा खर्च लिहा. नोकरी गेली तर शिल्लक किती महिने पुरेल, हा आकडा समोर आला पाहिजे. तो कमी असेल तर वाढवण्याची तरतूद करा. पाच महिने घरी बसलेल्या माणसाने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणे यात घाबरटपणा काही नाही. आरोग्य विमा केवळ कंपनीचा असेल तर स्वतःचा वेगळा घ्या.

एवढे केल्यावर जी भीती उरेल, तिला रात्री अकराच्या ई-मेलने आळा बसत नाही. मागच्या वेळी तुमची नोकरी तुम्ही कमी राबलात म्हणून गेली होती का, याचा प्रामाणिक विचार करा. बहुतेक वेळा माणसे कामावरून काढली जातात ती वरच्या मजल्यावरच्या निर्णयांमुळे, आणि तरीही काढला गेलेला माणूस स्वतःच्याच वागण्यात कारण शोधत बसतो, कारण कारण आपल्यात असेल तर ते आपल्या हातात तरी आहे असे वाटते. चिंतेसाठी दिवसातून अर्धा तास नेमून द्या. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही साधी रीत तपासली होती : ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मनसोक्त चिंता करायची आणि एरवी ती आली की ‘साडेसातला’ असे म्हणून पुढे ढकलायची. जेवणाच्या ताटापासून आणि अंथरुणापासून ही वेळ दूर ठेवा. पुढच्या महिन्यात एक दिवसाची रजा टाका, कारण नसताना टाका, आणि तो दिवस पत्नीला द्या.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे असून मुलुंडला राहतात. दोन वर्षांपूर्वी भर गर्दीत लोकलमध्ये त्यांना एकाएकी धाप लागली, घाम फुटला, आता आपण मरतो असे वाटले. हृदयाच्या सर्व तपासण्या व्यवस्थित आल्या. तेव्हापासून ते मुलुंडबाहेर पडलेले नाहीत. जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलमच्या, म्हणजे घबराट शमवणाऱ्या, गोळ्या आणतात आणि एक कायम खिशात ठेवतात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की चिडतात. काय करावे?

उत्तर : हृदय तपासून घेतलेत हे उत्तम केलेत, या वयात ते आधी पाहणे आवश्यकच होते. तुम्ही लिहिता त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्याचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो; त्याने जीव जात नाही, परंतु तो येताना नेमके तेच वाटते. त्यानंतर माणूस गाडीला कमी आणि पुन्हा तसे होण्यालाच अधिक भितो, आणि त्याचे जग हळूहळू आपल्या उपनगराएवढे होते. यावर उपचार आहेत आणि या वयातही ते चांगले लागू पडतात.

अल्प्राझोलमबाबत स्पष्ट लिहिते. या गोळीने तेवढ्यापुरते बरे वाटते, पण तिची सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि उतारवयात तोल जाऊन पडण्याचा व विसराळूपणाचा धोका वाढतो. मात्र ती तुम्ही काढून घेऊ नका आणि त्यांनीही एकदम बंद करू नये. अचानक थांबवल्यास झटकेसुद्धा येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करता येते. अशा विकारात दिली जाणारी मुख्य औषधे वेगळी असतात, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांची तशी नशा किंवा ओढ लागत नाही. वडील चिडतात त्यामागे ‘गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्माच्या चिकटतात’ ही धास्ती असू शकते, आणि अशी एक गोळी त्यांना आधीच चिकटली आहे. ते त्यांना न दुखवता, शांतपणे सांगा.

मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द त्यांना नको असेल, तर तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात करा. त्यांनी चिठ्ठी दिली की पुष्कळ ज्येष्ठ नागरिक जातात. शीव आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. तेही लांब वाटत असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे; वडिलांसाठी काय करावे हे विचारायला तुम्ही स्वतःही फोन करू शकता. उपचार सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी होकार दिला की, दुपारच्या रिकाम्या गाडीने त्यांच्याबरोबर मुलुंडहून नाहूरपर्यंत जा, एकच स्टेशन, आणि परत या. पुढच्या खेपेला भांडुप. खिशातली गोळी सुरुवातीला राहू द्या. जाताना ‘बरे वाटते ना?’ असे सारखे विचारू नका. नेहमीच्या गप्पा मारा, आणि मध्येच त्यांना अस्वस्थ वाटले तर शक्य असेल तोवर लगेच उतरू नका. जुन्या चिठ्ठ्या आणि हृदयाच्या तपासण्यांचे कागद पहिल्या भेटीला सोबत न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.